सेप्टिक टँकच्या घरात नव्याने राहायला आलात? रोजच्या या सवयी लावून घ्या

सेप्टिक टँक असलेल्या घरात नव्याने राहायला आलेली माणसं बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात: "टाकी भरायला किती वर्षं लागतात?" खरं तर टाकी वापरात आल्यावर काही दिवसांतच भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाणी उभं असणं हीच तिची निरोगी स्थिती. घरातून बादलीभर पाणी आत आलं की दुसऱ्या टोकाने बादलीभर बाहेर पडतं आणि शोषखड्ड्यात किंवा शोषचरांत, म्हणजे पाणी मातीत मुरवणाऱ्या खड्ड्यात किंवा चरांत जातं. "टाकी भरली" असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात गाळ एवढा वाढलेला असतो की पाण्याला आत थांबायला जागाच उरलेली नसते.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. तोपर्यंत माझ्या शोषखड्ड्याचं जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

झाकणाखाली काय चालतं

सांडपाणी टाकीत शिरलं की संथ होतं. जड कण तळाशी बसतात, त्यांचा गाळ होतो. तेल, चरबी, साबणाचा फेस असं हलकं सगळं वर तरंगतं आणि त्याची जाडसर साय धरते. मधे राहतं ते त्यातल्या त्यात निवळ पाणी. बाहेर जाणाऱ्या पाइपाला टाकीच्या आत इंग्रजी 'टी'च्या आकाराचा एक तुकडा बसवलेला असतो, त्याचं तोंड सायीच्या खाली आणि गाळाच्या वर उघडतं. त्यामुळे फक्त मधलं पाणी बाहेर पडतं. बऱ्याच टाक्यांना मधे भिंत घालून दोन कप्पे केलेले असतात. पहिला कप्पा मोठा असतो आणि बराचसा गाळ तिथेच अडतो.

तळाशी प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू गाळ कुजवत असतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात आणि व्हेंट पाइपातून छतावर निघून जातात. गाळ पूर्ण संपत मात्र नाही. न कुजणारा भाग वर्षानुवर्षं साचत राहतो, म्हणूनच उपसा टळत नाही.

या टाकीचा शोध लागला तो फ्रान्समधल्या व्हेझूल गावी. १८६०च्या सुमारास झाँ-लुई मुरास यांनी घराचं सांडपाणी दगडी हौदात सोडलं. दहाएक वर्षांनी हौद उघडून पाहिला, तर अपेक्षेच्या मानाने आत घट्ट मैला जवळजवळ नव्हताच. १८८१ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडच्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९०च्या दशकात 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं. मुरास यांच्या हौदात कसलं औषध घातलेलं नव्हतं. बंदिस्त जागा, संथ पाणी आणि भरपूर वेळ, एवढ्यावरच ते काम झालं होतं. आजची टाकीही याच तीन गोष्टींवर चालते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. त्यात रोगजंतू असतात, बारीक कण असतात. खरी सफाई करते ती शोषखड्ड्याभोवतीची माती. मातीच्या कणांमधल्या हवेवर जगणारे जीवाणू हे पाणी झिरपता झिरपता शुद्ध करतात. पाणी जिथे मातीत शिरतं तिथे एक काळसर, बुळबुळीत थर तयार होतो. पातळ असेपर्यंत तो उपयोगाचा असतो, गाळणीचं काम करतो. टाकीतून गाळ आणि तेल निसटून तिथवर पोचायला लागलं की हाच थर जाड होतो आणि मातीची तोंडं बुजतात.

टाकी भरली तर उपसता येते. शोषखड्डा बुजला तर बऱ्याचदा नवीनच खणावा लागतो आणि त्यासाठी दरवेळी जागा असतेच असं नाही. पुढच्या सगळ्या सवयी वरवर टाकीसाठी वाटतील, पण त्या शोषखड्डा वाचवण्यासाठी आहेत.

पहिलं काम: टाकी कुठे आहे ते शोधा

आधीच्या रहिवाशांना किंवा घर बांधणाऱ्यांना विचारा, नकाशा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर घराबाहेर मैल्याचा पाइप कुठून निघतो ते बघा आणि त्याच्या रोखाने चेंबरची झाकणं शोधत जा. मातीखाली, फरशीखाली, कधी कुंड्यांच्या रांगेखालीही झाकण सापडतं.

सापडलं की घराच्या दोन भिंतींपासून टेपने अंतर मोजा आणि लिहून ठेवा. त्याच पानावर टाकीचं माप, कप्पे किती, शेवटचा उपसा कधी झाला, न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी टाकीतच जातं की वेगळं काढलंय, हेही लिहा. ही वही घरातल्या सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा. ऐन पाणी तुंबलेलं असताना अंगण खणत झाकण शोधायची वेळ कुणावरही येऊ नये.

पाण्याची सवय, बाकी सगळ्यांच्या आधी

वाइप्स टाकू नका, ॲसिड ओतू नका, हे लोक ऐकून असतात. पण टाकीचं सगळ्यात जास्त नुकसान साध्या पाण्याने होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हिशेब करून बघू. चार माणसांच्या घरातून रोज ५०० लिटर पाणी टाकीत जातं असं धरा. गाळ आणि साय वगळता टाकीत पाण्यासाठी १,००० लिटर जागा आहे. म्हणजे पाणी आत साधारण दोन दिवस थांबतं. कण खाली बसायला निदान एक दिवस तरी मिळायला हवा, तेव्हा हे ठीक. आता सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचे कपडे, चादरी, पडदे सगळं एकदम धुवायला काढलं, घर धुतलं, सगळ्यांच्या निवांत अंघोळी झाल्या आणि १,५०० लिटर पाणी गेलं. त्या दिवशी पाण्याला आत मिळाले जेमतेम १६ तास. तेही गणिताने, कारण प्रत्यक्षात हे पाणी लोंढ्याने येतं, तळचा गाळ ढवळतं आणि त्याला घेऊन थेट शोषखड्ड्याकडे निघतं.

आमच्याकडे नेमकं हेच चालायचं. मशीन दर रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत, एकामागून एक पाच-सहा खेपा. संध्याकाळी तळमजल्याच्या न्हाणीतली जाळी गुळगुळ आवाज करायची. आम्हाला वाटायचं, पाइपात हवा अडकली असेल.

तेव्हा पहिला नियम असा: कपडे आठवड्यात विभागून धुवा, दिवसाला एक, फार तर दोन खेपा. त्याच दिवशी घर धुवायला काढू नका. मशीन अर्धवट भरून चालवण्यापेक्षा पूर्ण भरून कमी वेळा चालवा. नवीन घ्यायचं असेल तर पुढून उघडणारं घ्या, त्याला वरून उघडणाऱ्यापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. पाहुणे येणार असतील तर आधीच्या दिवशी धुणं उरकून घ्या आणि ते असताना मशीन बंद ठेवा.

दुसरी गोष्ट गळतीची. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला २० ते ३० लिटर पाणी टाकीत सोडतो. पण नळ निदान दिसतो तरी. फ्लशच्या टाकीतली रबरी झडप झिजली की पाणी कमोडच्या मागच्या बाजूने आवाज न करता झिरपत राहतं, आणि अशी एक झडप दिवसाला शेकडो लिटर पाणी वाया घालवू शकते. म्हणजे घरात न दिसणारी दोन-तीन माणसं राहायला आल्यासारखंच झालं.

तपासणीत तुमची पाच मिनिटंच जातात, बाकी वेळ नुसतं थांबायचं. फ्लशच्या टाकीचं झाकण काढा. खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब आत टाका. फ्लश करू नका, कुणाला करू देऊ नका. अर्ध्या तासाने कमोडमध्ये वाकून बघा. पाणी जसंच्या तसं असेल तर झडप चांगली आहे. आम्ही केलं तेव्हा लाल रंग टाकला होता. कमोडच्या पांढऱ्या उतारावरून एक केसाएवढी बारीक गुलाबी रेघ पाण्यापर्यंत उतरलेली दिसली. पाण्याची धार तिथे आधीही असणार, पण रंगाशिवाय ती आम्हाला कधीच दिसली नव्हती. झडप बदलायचं काम नळ दुरुस्त करणारा माणूस अर्ध्या तासात करतो. ही तपासणी दर सहा महिन्यांनी करा आणि घरात कमोड दोन असतील तर दोन्हींची करा.

फ्लशला दोन बटणं असतील तर घरातल्या लहानांना छोटं बटण कधी दाबायचं ते शिकवा. अशा टाकीत छोट्या बटणाला साधारण ३ आणि मोठ्याला ६ लिटर पाणी जातं. जुन्या फ्लशला प्रत्येक वेळी १० लिटरच्या वर जातं.

आणि छताचं पावसाचं पाणी, अंगणाचं पाणी, पंपाच्या खड्ड्यातलं पाणी कधीही टाकीत जोडू नका. जोडलेलं असेल तर तोडून घ्या. एका जोरदार पावसात टाकीतला गाळ धुऊन शोषखड्ड्यात जाऊ शकतो.

कमोडमध्ये काय जावं

मलमूत्र, पाणी आणि वापरत असाल तर टॉयलेट पेपर. बास.

ओले वाइप्स पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं लिहिलेलं असलं तरी टाकू नका. टॉयलेट पेपर पाण्यात पडला की काही वेळात त्याचा लगदा होतो. वाइप्सचे धागे तसेच राहतात. शंका असेल तर दोन ग्लासांत पाणी घ्या, एकात कागद आणि दुसऱ्यात वाइप टाका, चमच्याने ढवळा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सॅनिटरी पॅड, डायपर, कंडोम, कापसाच्या काड्या, दात साफ करायचा दोरा, केसांचे गुंते, सिगारेटची थोटकं, यातलं काहीही टाकीत कुजत नाही. दोरा आणि केस तर 'टी'च्या तोंडाशी अडकून बाकीच्या सगळ्याची मोळी बांधतात.

यावर सांगण्यापेक्षा सोय चांगली: प्रत्येक टॉयलेटमध्ये झाकणाची छोटी कचरापेटी आणि शेजारी कागदी पिशव्या. पाहुण्यांना बोलून दाखवायला संकोच वाटतो, तेव्हा भिंतीवर दोन ओळींची पाटी लावा.

उरलेल्या गोळ्या-औषधंही फ्लश करू नका. प्रतिजैविकं टाकीतल्या जीवाणूंना त्रास देतात, शिवाय काही औषधं मातीतून झिरपून थेट भूजलात जातात.

स्वयंपाकघर

इथला मुख्य शत्रू तेल. गरम असताना ते पाण्यासारखं वाहतं, पाइपात गार झालं की भिंतीला धरतं. जे टाकीपर्यंत पोचतं त्याची साय वाढत जाते आणि एक दिवस 'टी'च्या तोंडापर्यंत उतरते. भांडं धुण्याआधी जुन्या कागदाने पुसून घ्या. तळणीचं उरलेलं तेल डब्यात साठवा, सिंकमध्ये कधीच ओतू नका. गरम पाणी आणि साबण घातला की तेल निघून जातं असं वाटतं. ते फक्त सिंकमधून निघून जातं, पुढे पाणी गार झालं की पुन्हा वेगळं होतं.

सिंकच्या भोकाला बारीक जाळी बसवा. खरकटं, चहा-कॉफीचा चोथा, दूध-दह्याचं उरलंसुरलं जाळीतून कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. सिंकखाली अन्न दळून पाण्याबरोबर सोडणारं यंत्र असेल तर ते न वापरणं बरं, कारण त्याने गाळ पुष्कळ वाढतो आणि उपसा लवकर करावा लागतो. स्वयंपाकघराच्या पाण्याला तेल अडवणारं वेगळं चेंबर असेल तर ते वेळच्या वेळी साफ करा. भरलेलं चेंबर काहीच अडवत नाही.

कपड्यांच्या मशीनचं इथेच सांगून टाकतो. सिंथेटिक कपड्यांचे बारीक तंतू टाकीत कुजत नाहीत, इतके हलके असतात की खालीही बसत नाहीत, तरंगत शोषखड्ड्यापर्यंत जातात. मशीनच्या सोडपाइपाला तंतू अडवणारी गाळणी लावता येते. पावडरीपेक्षा द्रव साबण बरा, आणि मापाच्या झाकणावर लिहिलंय त्यापेक्षा थोडा कमीच घाला.

रसायनं आणि 'जीवाणूंच्या पुड्या'

टाकी म्हणजे जिवंत पोट. पण ती काचेची बरणीही नाही. कमोड घासायला नेहमीचा क्लीनर, पांढऱ्या कपड्यांना थोडं ब्लीच, एवढं ती पचवते, कारण तिथवर पोचेपर्यंत ते शेकडो लिटर पाण्यात विरलेलं असतं. त्रास होतो तो बाटली रिकामी करण्याने. तुंबलेली मोरी मोकळी करायचं तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक, लिटरभर फिनाईल एकदम, रोज जंतुनाशकाने धुतलेल्या फरश्यांचं पाणी. मोरी तुंबली तर आधी रबरी पंपाने किंवा स्प्रिंगच्या तारेने मोकळी करा. फ्लशच्या टाकीत टाकायच्या निळ्या वड्या टाळा, त्या प्रत्येक फ्लशबरोबर थोडं थोडं रसायन सोडत राहतात. रंग, थिनर, कीटकनाशक, इंजिन ऑइल यांचा एक थेंबही जाता कामा नये. रंगाचे ब्रश बाहेरच्या नळावर धुऊन ते पाणी नाल्यात सोडणं हाही उपाय नव्हे. आधी पुसून घ्या, उरलेलं घट्ट होऊ द्या आणि घातक कचऱ्यात द्या.

दर महिन्याला कमोडमध्ये टाकायच्या 'जीवाणूंच्या पुड्या' विकत मिळतात. नेहमीच्या वापरातल्या टाकीला त्यांची गरज नसते. एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जीवाणू असतात, प्रत्येक फ्लशबरोबर टाकीला ताजी रसद मिळतेच. यीस्ट, गूळ, आंबवलेलं काहीबाही टाकण्याचे सल्लेही सोडून द्या. गाळ 'विरघळवणारी' काही रसायनं तर उलटं नुकसान करतात, कारण खाली बसलेला गाळ सुटा होऊन पाण्यात मिसळला की जाणार कुठे? शोषखड्ड्यातच. पुड्यांवर घालायचे पैसे उपशासाठी बाजूला ठेवा.

अंगण

टाकी आणि शोषखड्ड्यावरून गाडी नेऊ नका, गाडी उभीही करू नका. माती दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, आणि हवेशिवाय ती पाणी शुद्ध करू शकत नाही. वर काँक्रीट ओतू नका, शेड बांधू नका. गवत सगळ्यात चांगलं. मोठ्या झाडांची मुळं ओल शोधत पाइपाच्या सांध्यांत शिरतात, तेव्हा झाडं लांबच लावा. त्या जागेवर भाजीपाला नको.

विहीर किंवा बोअरवेल असेल तर तिच्यात आणि शोषखड्ड्यात पुरेसं अंतर आहे ना हे एकदा मोजून घ्या. अनेक नियमांत निदान १५ मीटर सांगितलेलं असतं, तुमच्या भागात जास्तही असू शकतं. पिण्याच्या पाण्याची वर्षातून एकदा कोलिफॉर्म जीवाणू आणि नायट्रेटसाठी तपासणी करून घ्या.

अतिवृष्टीत जमीन पाण्याने भरलेली असेल तर शोषखड्डा काहीच शोषत नाही. ते दिवस पाणी अगदी बेताने वापरा. अशा वेळी टाकी उपसू नका, रिकामी टाकी जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते.

काय दिसलं, ऐकू आलं, तर लक्ष द्यायचं

एकच बेसिन हळू निचरत असेल तर अडथळा त्याच्या पाइपात आहे. घरातलं सगळंच हळू निचरू लागलं, तळमजल्याच्या जाळीतून पाणी वर आलं, फ्लश केल्यावर दुसरीकडे गुळगुळ आवाज झाला, तर दोष टाकीत किंवा तिच्या पुढे. कोरड्या दिवसांत शोषखड्ड्यावरचंच गवत हिरवंगार आणि जमीन ओलसर दिसली, तर पाणी मातीत मुरण्याऐवजी वर येतंय. त्या ओलीत मुलांना आणि जनावरांना जाऊ देऊ नका.

अशी लक्षणं दिसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पाणी कमी करा, त्याच दिवसापासून. कधी कधी शोषखड्ड्याला काही आठवडे उसंत मिळाली की मातीत पुन्हा हवा शिरते आणि तो जाड थर सुकून पातळ होतो. आमचा अर्धा शोषखड्डा असाच वाचला. उरलेला नाही वाचला.

झाकण उघडण्याआधी हे वाचा

टाकीत कुणीही उतरायचं नाही. तुम्ही नाही, घरातलं कुणी नाही आणि पैसे घेऊन 'मी उतरतो' म्हणणारा कुणीही नाही. रिकामी दिसणाऱ्या टाकीतही नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो खाली साचून राहतो. थोडा असतो तेव्हा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं गॅस गेला, आणि पुढच्या श्वासाला तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. एकाच टाकीत दोघं-तिघं दगावतात ते असे. कुणी आत पडलंच तर उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. शक्य असेल तर बाहेरून हवा आत सोडा.

झाकण उघडं असताना जवळ काडी, सिगारेट, ठिणगी नको, मिथेन पेट घेतो. वाकून आत डोकं घालू नका. एकट्याने उघडू नका. झाकण गंजलेलं, तडकलेलं किंवा हाताने सहज सरकणारं असेल तर आजच बदला आणि मुलांना उघडता येणार नाही असं पक्कं करा. हे काम कधीच पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

उपसा

साधारण दोन ते पाच वर्षांनी उपसा लागतो. टाकी लहान आणि माणसं जास्त, तर लवकर. वर्षं मोजण्यापेक्षा गाळ मोजणं जास्त भरवशाचं. गाळ आणि साय मिळून टाकीच्या पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापला की वेळ झाली. मोजायची पद्धत सोपी आहे, पण पहिल्यांदा माहितगार माणसाकडून करून घ्या: लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं जाड फडकं घट्ट गुंडाळतात, काठी हळूच तळाला टेकवतात, दोन-तीन मिनिटं थांबतात आणि सावकाश वर काढतात. गाळ जिथवर असतो तिथवर फडक्याच्या धाग्यांत काळे कण रुतून बसतात, त्यावर नुसतं राखाडी पाणी. सीमारेषा इतकी स्पष्ट असते की पट्टी लावून मोजता येते. आमच्याकडे काळा भाग ५० सेंटीमीटर भरला आणि पाण्याची खोली होती १२०.

टँकर येईल त्या दिवशी घरी थांबा. उपसा मोठ्या झाकणातून आणि दोन्ही कप्प्यांचा व्हायला हवा. छोट्या तपासणी पाइपातून नळी घालून फक्त वरचं पाणी ओढलं, तर गाळ तसाच राहतो. मैला कुठे नेणार हे विचारा, प्रक्रिया केंद्राशिवाय दुसरं उत्तर मान्य करू नका. टाकी आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ देऊ नका, तळाशी चिकटून राहिलेलं थोडंसं जीवाणूंच्या पुढच्या फळीसाठी विरजणासारखं उपयोगी पडतं.

पाणी खाली जात असताना बॅटरीच्या उजेडात, झाकणापासून अंतर ठेवून, दोन गोष्टी बघायला सांगा. एक, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या 'टी' शाबूत आहेत का, मधली भिंत तडकली आहे का. बाहेरच्या 'टी'त गाळणी बसवलेली असेल तर ती काढून, हातमोजे घालून, तिचं धुण्याचं पाणी टाकीतच पडेल अशा बेताने धुऊन परत बसवा. दोन, टाकीतली पातळी बाहेरच्या पाइपाखाली गेल्यावर त्या पाइपातून पाणी उलटं आत येतंय का. येत असेल तर शोषखड्डा तुडुंब भरलेला आहे आणि नुसत्या उपशाने भागणार नाही. पहिल्या उपशाला आमच्या टाकीत ते मनगटाएवढ्या धारेने आलं होतं, आणि रविवारच्या त्या गुळगुळीचा अर्थ तेव्हा कुठे लक्षात आला.

टाकी प्लास्टिकची किंवा जमिनीत पाणी वर असेल तर उपसा झाल्याबरोबर साध्या पाण्याने भरून घ्या. झाकण बसवा, त्याचे स्क्रू आवळा, आणि वहीत तारीख, गाळाची उंची आणि 'टी'ची अवस्था लिहा. एका वर्षाने पुन्हा गाळ मोजला की तुमच्या घरात तो वर्षाला किती सेंटीमीटर वाढतो ते कळेल, आणि पुढच्या उपशाची तारीख तुम्हीच काढू शकाल.